सूर्यास्तानंतरचा दिवा : विजेच्या प्रकाशाचा आरंभ आणि आपला मुलूख

संघाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या ऐतिहासिक विषयावर चार शब्द लिहून पाठवावेत, असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा आम्ही थोडे विचारात पडलो. घराण्यांच्या वंशावळी, कुलदैवतांची स्थाने, ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे यांविषयी या पृष्ठांतून अधिकारी लेखकांनी आजवर पुष्कळ लिहिले आहे. त्यांत भर घालावी इतका आमचा व्यासंग नाही. आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक झालेले, वडूजच्या आसपासच्या खेड्यांत आयुष्य काढलेले शाळामास्तर. तथापि छत्तीस वर्षांच्या नोकरीत मुलांनी आम्हांस एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी विचारला. ‘गुरुजी, विजेचा दिवा कोणी शोधून काढला?’ आणि आम्हीही दरवर्षी ‘एडिसनने’ असे उत्तर देऊन पुढच्या धड्याकडे वळलो. निवृत्तीनंतर थोडे वाचन घडले, तेव्हा ध्यानात आले की, आमचे उत्तर फार तर निम्मे होते. दिवा कोणी शोधला, इतकाच तो कोणासाठी, केव्हा आणि कशाकरिता लागला, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नाचा माग काढीत गेले असता तो अमेरिकेत न थांबता मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे आपल्या खटाव-माणच्या माणसांच्या आयुष्यात येऊन पोचतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

विजेच्या आधी आपल्या घरांत उजेड असा किती होता? देवापाशी समई, उंबऱ्यावर पणती, फार झाले तर करडईच्या तेलाचा एखादा दिवा भिंतीच्या कोनाड्यात. लग्नाच्या वरातीत आणि पालखीपुढे टेंभे व मशाली. औंधच्या यमाईची दीपमाळ पेटली म्हणजे सारा गाव उजळल्यासारखा वाटे, पण तो उत्सवाचा उजेड, रोजचा नव्हे. दिवेलागण झाली, परवचा म्हणून झाला, जेवणे उरकली की माणसे निजत. तेल खाण्यासाठी लागे. जाळण्यासाठी ते कोण वाया घालवील? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल आले आणि चिमणीचा दिवा घरोघर झाला. या तेलाची आपल्याकडील दोन्ही नावे मोठी मौजेची आहेत. ‘रॉक ऑइल’चे ‘रॉकेल’ झाले आणि ‘गॅसलाइट’चे ‘घासलेट’. मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागत, त्यांचे दर्शन खेड्यास कधी घडले नाही. त्यांचे नाव मात्र खेड्याने बाटलीतल्या तेलास देऊन टाकले.

विजेपासून प्रकाश मिळू शकतो, हे एडिसनच्या जन्माआधीच ठाऊक झाले होते. १८०० साली इटलीतील व्होल्टा याने धातूंच्या चकत्या व क्षारजलात भिजविलेले तुकडे यांची चळत रचून अखंड वाहणारी वीज प्रथम निर्माण केली. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही याने अशा शेकडो घटांची वीज कोळशाच्या दोन कांड्यांमधून नेली आणि त्या कांड्या किंचित दूर करताच मधल्या फटीत डोळे दिपविणारी ज्योत कमानीसारखी उभी राहिली. हाच कमानी दिवा. उजेड विलक्षण, परंतु कांड्या भराभर जळून जात आणि घटांची वीज सोन्याच्या मोलाची पडे. १८३१ साली मायकेल फॅरेडेने चुंबक व तारेचे वेटोळे यांच्या सापेक्ष हालचालीतून वीज निर्माण करून दाखविली, आणि स्वस्त विजेचा मार्ग तेथून उघडला. हा फॅरेडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. जी पुस्तके बांधायला येत तीच तो वाचीत असे. आमच्या वर्गातील गरिबाघरच्या मुलांना ही हकिगत आम्ही मुद्दाम सांगत असू.

फॅरेडेच्या तत्त्वावर चांगली चालणारी यंत्रे तयार होण्यास पुढे चाळीस वर्षे लागली. ग्रामचा डायनॅमो १८७१ च्या सुमाराचा. १८७६ मध्ये पॅरिसमध्ये राहणाऱ्या याब्लोच्कोव्ह नावाच्या रशियन इंजिनियराने कमानी दिव्याची सुधारलेली ‘मेणबत्ती’ काढली व १८७८ साली तेथील एक मोठा रस्ता तिने उजळला. पण हा दिवा रस्त्याचा, बंदराचा, फार तर मोठ्या दालनाचा. घरात लावावा तर सूर्यच कोंडून ठेवल्यासारखे होई. प्रकाशाचे लहान लहान वाटे कसे करावेत, हा त्या वेळचा खरा पेच होता.

तो पेच दोघांनी जवळजवळ एकाच वेळी सोडविला. इंग्लंडातील न्यूकॅसलचा जोसेफ स्वान हा कित्येक वर्षे कार्बनचा तंतू काचेच्या निर्वात गोळ्यात तापवून पाहात होता. पूर्वी त्याला यश येत नव्हते, कारण गोळ्यातील हवा पुरती निघत नसे आणि उरलेल्या हवेत तंतू जळून जाई. १८६५ साली स्प्रेंगेल याने पाऱ्याचा निर्वात पंप काढला, तेव्हा ही अडचण सरली. १८७९ च्या फेब्रुवारीत स्वानने आपला दिवा न्यूकॅसलच्या सभेत लावून दाखविला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एडिसनच्या कर्मशाळेत कार्बनमय केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा कित्येक तास जळला आणि वर्षाच्या अखेरच्या रात्री लोकांना तो पाहावयास मिळाला. पुढे एडिसनने तंतूसाठी नाना वनस्पती तपासल्या व शेवटी जपानातील बांबूची निवड केली. त्या तंतूचे दिवे हजार तासांहूनही अधिक टिकत. अखेर या दोघांनी इंग्लंडात भांडण न करता भागीदारी केली, हे त्यांना भूषणावह होय.

मग एडिसनचे नाव अधिक का झाले? आमच्या मते त्याचे कारण गोळ्यात नसून गोळ्याबाहेरच्या हिशेबात आहे. विजेचा प्रवाह मोठा असेल, तर तार जाड लागते. पाणी जास्त सोडायचे तर पाट रुंद काढावा लागतो, तसेच हे. तांबे तर महाग. एडिसनने हिशेब केला की, तंतू बारीक व अधिक रोध करणारा ठेवला, तर थोडा प्रवाह चढ्या दाबाने सोडून तेवढाच उजेड मिळेल आणि बारीक तारांवर काम भागेल. शिवाय जोडणी अशी हवी की, एका घरचा दिवा मालवला तरी शेजारचा चालू राहावा. त्याने वीजघर, जमिनीखालच्या तारा, बटणे, फ्यूज, विजेचे माप, सारा संसार एकदम उभा केला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटचे वीजघर सुरू झाले, तेव्हा आरंभी सुमारे ४०० दिवे लागले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. असे लेख वाचताना, ‘हे सारे आपल्या ऋषिमुनींस ठाऊकच होते’ असे म्हणणारे सद्गृहस्थ आपल्यात पुष्कळ आहेत. पूर्वजांविषयी आम्हांसही आदर आहे. परंतु ठाऊक असलेला दिवा समईच्या जागी कोणी का लावला नाही, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

कार्बनच्या तंतूची जागा पुढे टंगस्टन धातूच्या तारेने घेतली. १९१० च्या सुमारास कूलिज याने या ठिसूळ धातूची लवचीक तार ओढण्याची युक्ती साधली आणि तेथून शंभर वर्षे तापलेल्या तारेचा दिवा जगावर राज्य करीत राहिला. आता तोही मागे पडला. निळा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक दिव्याबद्दल २०१४ साली तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आज घराघरांत जे एलईडी दिवे आहेत, त्यांत तापणारी तार नाहीच.

आता आपल्या देशाकडे वळू. कलकत्त्यास विजेच्या दिव्याचे प्रात्यक्षिक २४ जुलै १८७९ रोजी झाले. दार्जिलिंगजवळ धबधब्याच्या पाण्यावर चालणारे लहानसे वीजघर १८९७ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. आणि मुंबई? मुंबईने पहिला विजेचा दिवा पाहिला तो १८८२ साली, म्हणजे पर्ल स्ट्रीटच्याच वर्षी, आणि तोही कोठल्या राजवाड्यात नव्हे तर क्रॉफर्ड मार्केटात, फळफळावळ आणि भाजीपाल्याच्या गाळ्यांवर! नगरपालिकेने त्यासाठी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला. पण कंपनीचे लवकरच दिवाळे निघाले आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. त्यानंतर दोन तपे मुंबईच्या रस्त्यांवर गॅसच नांदला. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वाडीबंदरचे वीजघर सुरू झाले आणि ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. शहराच्या इतिहासाची पुस्तके येथे आनंदाने पुढच्या प्रकरणाकडे जातात. आम्हांस मात्र येथेच थांबावयाचे आहे.

कारण सार्वजनिक कंपनीच्या आधीच विजेचा दिवा मुंबईत एका ठिकाणी शिरला होता. ते ठिकाण म्हणजे कापडाच्या गिरण्या. गिरण्यांना कोणत्याही वीजकंपनीची वाट पाहावी लागत नव्हती. वाफेचे इंजिन घरचेच होते, त्याला डायनॅमो जोडला की काम झाले. कापसाच्या तुसाने भरलेल्या हवेत उघड्या ज्योतीचा दिवा लावणे म्हणजे आग ओढवून घेणे. बंद काचेतला विजेचा दिवा तेथे निर्धोक होता. या सोयीचा अर्थ काय झाला, ते समजण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती पाहिली पाहिजे.

दिवे नव्हते, तोवर गिरणी सूर्याबरोबर चाले. उजाडले की भोंगा आणि अंधारले की सुट्टी. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून तेरा-चौदा तास राबावे लागे, हिवाळ्यात दिवस लहान म्हणून त्याहून कमी. काम कष्टाचे होते, परंतु त्याला एक हद्द होती आणि ती हद्द सूर्याने घातलेली असल्यामुळे मालकालाही ओलांडता येत नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार यांबरोबर एक मागणी अशी होती की, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावे. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. ‘सूर्यास्तास बंद’ ही मागणी मात्र दिव्याच्या उजेडात विरून गेली.

१९०५ च्या सुमारास कापडाच्या धंद्याला तेजी आली. ज्या गिरण्यांत विजेचे दिवे होते, त्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. पहाटे अंधारात दिवे लागत आणि रात्री अंधारातच मालवत. त्या वर्षी कामगारांनी याविरुद्ध उघड संताप व्यक्त केला, वर्तमानपत्रांतून टीका झाली आणि सरकारला आधी समिती व मग कमिशन नेमावे लागले. त्या कमिशनच्या अहवालानंतर १९११ चा फॅक्टरी कायदा झाला. कापड गिरणीतील प्रौढ पुरुषाच्या कामाचे तास हिंदुस्थानात प्रथमच कायद्याने ठरले ते तेव्हा, आणि ठरले तरी किती? बारा. म्हणजे सूर्याने घातलेली हद्द दिव्याने मोडली आणि तिच्या जागी कायद्याची हद्द घालण्यास सहा वर्षे लागली. १९२२ साली ते तास अकरा झाले व १९३४ साली दहा.

या गिरण्यांत राबणारी माणसे कोण होती? रत्नागिरीची होती आणि सातारची होती. आपल्या संघाच्या मुंबई शाखेच्या जुन्या सभासदांपैकी बहुतेकांचे आजे-पणजे त्यांतच होते. येरळेचे पात्र उन्हाळ्यात कोरडे, पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. घरटी एक माणूस मुंबईस धाडल्याखेरीज सारा भरला जात नसे. आमचे आजोबा १९१० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, गावातील दोघांबरोबर पायी व नंतर रेल्वेने मुंबईस गेले आणि साचेखात्यात लागले. कायदा येण्यापूर्वीचे व नंतरचे, असे दोन्ही काळ त्यांनी पाहिले. लहानपणी आम्ही त्यांना विचारीत असू, ‘तात्या, तुम्ही मुंबईत पहिल्यांदा काय पाहिलंत?’ समुद्र किंवा ट्राम असे काही उत्तर येईल, अशी आमची अपेक्षा. ते म्हणत, ‘दिवा. गिरणीत रात्र होतच नव्हती बघ.’ हे ते कौतुकाने म्हणत की कंटाळून, हे त्या वयात आम्हांस उमगले नाही. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, रविवारी, ऊन अंगावर पडे, असेही ते सांगत. चाळीतील खोलीत त्यांच्या डोक्याशी चिमणीच असे. विजेचा दिवा गिरणीत, आणि झोपायला घासलेटचा.

तेव्हा आपल्या तालुक्याने विजेचा दिवा पहिल्याने पाहिला, तो घरात नव्हे, देवळात नव्हे, शाळेत तर नव्हेच. तो मजुरीच्या जागी पाहिला, आणि त्या दिव्याचे बटण आपल्या हाती नव्हते.

याच काळात जमशेटजी टाटांची जलविद्युत योजना आकारास येत होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा धो-धो पाऊस तळ्यांत साठवावा व तो बोरघाटाखाली खोपोलीला सुमारे पाचशे मीटर खाली सोडून त्याच्या जोरावर वीज काढावी, ही कल्पना. जमशेटजी १९०४ साली वारले. त्यांच्या चिरंजीवांनी कंपनी काढली, १९११ च्या फेब्रुवारीत कामाचा आरंभ झाला आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज सुमारे ७० किलोमीटर दूर मुंबईस पोचली. एडिसनच्या एकदिश विजेला मैल-दीड मैलापलीकडे जाणे परवडत नसे. प्रत्यावर्ती वीज रोहित्रातून चढ्या दाबाची करून दूर नेता येते, हे दरम्यानच्या काळात सिद्ध झाले होते, म्हणूनच घाटातले पाणी आणि परळची गिरणी यांची गाठ पडली. ही वीज मुख्यतः गिरण्यांसाठी होती. पुढे भिवपुरी व भिरा ही वीजघरे झाली. त्यांपैकी भिऱ्याच्या योजनेसाठी मुळशीचे खोरे बुडणार, म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली, ती याच लढ्यात. जमिनी बुडाल्याच. मुंबईच्या दिव्यासाठी घाटावरच्या माणसाने काय दिले, याचा हिशेब विजेच्या बिलात येत नाही.

इकडे आपल्या जिल्ह्यात या मधल्या काळाला एक दिवा मिळाला, आणि तो मात्र सर्वस्वी आपला होता. कराडच्या रेल्वे स्टेशनाजवळ १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. स्वदेशीची हाक घरोघर पोचलेली होती, तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्याचे उदाहरण समोर होते आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यासारखा उद्योगांचा आश्रयदाता पाठीशी होता. कारखान्यावरून त्या जागेचे नाव ओगलेवाडी पडले. आरंभी काचसामान निघे. पुढे तेथून ‘प्रभाकर’ कंदील बाहेर पडू लागला आणि अमेरिकन व जर्मन कंदिलांच्या जोडीला मराठी मुलखात तयार झालेला कंदील खुंटीवर टांगला गेला. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव. सूर्याचेही तेच. याहून समर्पक नाव दिव्याला कोणते द्यावे?

विजेचा इतिहास लिहिताना कंदिलाला इतकी जागा कशासाठी, असे कोणी विचारील. पण मुंबईच्या मंडईत दिवा लागल्यानंतर तब्बल ऐंशी-पंचाऐंशी वर्षे आमच्याकडे जे लिहिणे-वाचणे, जी बाळंतपणे, जी दुखणीखुपणी, जी रात्रीची दारी धरणे झाली, ती या कंदिलाच्या उजेडात झाली. तिन्हीसांजेला काच उतरवून राखेने घासणे, फडक्याने पुसणे, वात सारखी कापणे, तेल गळू न देता भरणे, हे काम घरातील शाळकरी मुलाचे. वात वाकडी कापली गेली की ज्योतीला शिंग फुटे आणि काच एका बाजूने काळी होई. मग वडिलांचा हात आमच्या पाठीवर पडे, तो शाबासकीचा नसे. जत्रेत तमाशाच्या फडावर किटसनच्या बत्त्या फुसफुसत आणि पुसेगावच्या यात्रेत आम्ही खेळ पाहण्याऐवजी त्या बत्तीकडेच पाहात बसल्याचे आठवते. पुढे १९७८ साली प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले, तेव्हा नोकरीच्या पहिल्याच वर्षी आम्ही एका वाडीवर वर्ग घेतला, तोही कंदिलावर. आठ-दहा बाप्ये आणि मध्ये एक दिवा. पाटीवरचे अक्षर दिसावे म्हणून प्रत्येकाने पाटी उजेडाकडे कलती धरलेली. त्या वाडीला खांब येऊन उभे होते. तार यावयाची होती. ती दोन वर्षांनी आली.

राहिली कोयना. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी या खोऱ्याची पाहणी केली होती. पुढे आर्थिक अडचणींमुळे तो बेत राहून गेला. स्वातंत्र्यानंतर सरकारने तो हाती घेतला, १९५४ साली बांधकामास आरंभ झाला आणि १६ मे १९६२ रोजी पोफळीच्या भूमिगत वीजघरातून वीज वाहू लागली. सह्याद्रीच्या पोटात कोरलेले ते वीजघर आम्ही एकदा शाळेच्या सहलीबरोबर पाहिले आहे. कोयना ही कृष्णेला मिळणारी पूर्ववाहिनी नदी. तिचे पाणी डोंगरातून बोगद्याने पश्चिमेस कोकणात सोडले आणि त्या उताराची वीज केली. आज त्या प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. शिवाजीसागराखाली ज्यांची घरे-जमिनी गेल्या, ते लोक ठाणे-रायगडपासून सांगली-सोलापूरपर्यंत पांगले. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे पिढ्यान् पिढ्या चालत राहिले.

कोयनेचे पाणी जिल्ह्यात अडले, म्हणून तिची वीज जिल्ह्यात लागलीच लागली, असे मात्र नव्हे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आम्हांस स्वच्छ आठवते. ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. आम्ही दहा वर्षांचे होतो. उतरंडीची मडकी खडखडली, गोठ्यातील बैलांनी दावी ताणली, आणि आईने खुंटीवरचा कंदील काढून आम्हां भावंडांस अंगणात नेले. कोयनानगरच्या परिसरात त्या पहाटे केवढा अनर्थ झाला, हे आम्हांस मागाहून कळले. मोठ्या जलाशयामुळे भूकंप होतात काय, याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जगभर कोयनेचे उदाहरण देतात. आमच्या पुरते एवढेच की, कोयनेचा धक्का आमच्या घरी आधी आला आणि कोयनेची वीज मागाहून आली.

ती आली पुढच्या हिवाळ्यात. आम्ही सहावीत होतो. मंडळाच्या माणसांनी माळावरून खांब रोवीत आणले, तेव्हा निम्मे गाव खड्डे मोजायला हजर असे. आमच्या घरात एकच दिवा घेण्याचे ठरले, कारण दुसऱ्याचा आकार परवडण्यासारखा नव्हता. तो कोठे लावावा यावर दोन दिवस खल झाला. आईचे म्हणणे चुलीपाशी, वडिलांचे म्हणणे ओसरीवर. अखेर माजघराच्या दारात असा लावला की, दोन्हीकडे उजेड पडावा. बटण दाबताच पिवळा गोळा पेटला आणि आजीने देवाला जोडतात तसे त्याला हात जोडले.

आजोबा तेव्हा पंचाहत्तरीचे होते. मुंबई सोडून त्यांना वीस-बावीस वर्षे झाली होती. सर्वांची पाहणी संपेपर्यंत ते बाजेवर स्वस्थ बसून राहिले. मग उठले, काठी टेकीत भिंतीशी आले आणि त्यांनी वडिलांना विचारले, ‘ह्यो मालवायचा कुणी?’ वडील म्हणाले, ‘तुम्हीच मालवा की तात्या, घरचाच आहे.’ आजोबांनी बटण खाली-वर करून दिवा मालवला. पुन्हा लावला. पुन्हा मालवला. अंधारात आम्ही मुले हसू लागलो, तेव्हा ‘निजा आता’ असे म्हणून ते बाजेकडे वळले, आणि त्या रात्री दिवा मग कोणी लावला नाही.